वृद्ध कोंबडीचा हिवाळी सांभाळ

कोंबडीचे वार्धक्य नेमके कोठून मोजावे, याविषयी शास्त्रज्ञ, व्यापारी आणि स्वयंपाकी यांच्यात एकमत नाही. शास्त्रज्ञांच्या मते नीट सांभाळलेली कोंबडी ५ ते ८ वर्षे सहज जगते आणि एखादी त्याच्याही बरीच पुढे जाते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीनट नावाची एक कोंबडी २००२ साली अंड्यातून बाहेर येऊन २०२३ पर्यंत, म्हणजे पदवी घेऊन नोकरी शोधण्याच्या वयापर्यंत जगली. अंड्यांच्या व्यापाऱ्याला एवढा दम नसतो. त्याच्याकडे १८-२० आठवड्यांची तलंग, म्हणजे पहिल्या अंड्याच्या बेतात आलेली तरुण कोंबडी, पिंजऱ्यात दाखल होते, वर्षाला ३०० च्या घरात अंडी देते, आणि ७२ ते ८० आठवड्यांची झाली की तिच्या खाण्याचा खर्च व अंड्यांचे उत्पन्न यांची वजाबाकी करून तिला 'कल' ठरवले जाते. 'कल' हा इंग्रजीतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ 'काढून टाकण्याजोगा' असा आहे. तिचा स्वतःचा कल कोणीकडे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. अशा रीतीने दीड वर्षाच्या वयात तिला सक्तीची निवृत्ती मिळते, जिच्यात निवृत्तिवेतन नसते, भविष्य निर्वाह निधी नसतो, आणि निरोपाचे जेवण तेवढे असते. स्वयंपाक्याची व्याख्या सर्वांत आटोपशीर आहे: कुकरच्या तीन शिट्ट्यांत शिजते ती तरुण, आणि सातव्या शिट्टीनंतरही जी हाडाला धरून बसते ती वृद्ध.

या तिन्ही व्याख्यांत न बसणारी चौथी एक व्याख्या पनवेलमध्ये प्रत्यक्षात चालते, ती अशी की जिला ठेवायला कोणाकडे जागा उरलेली नाही ती कोंबडी वृद्ध. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची आणि महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ची; या दोन तारखांच्या मधला बराचसा काळ कौलारू घरे, मागचे परस, परसातला उकिरडा आणि उकिरड्यावर पाय मारून किडे काढणारी कोंबडी हे सगळे एकाच कुटुंबातले घटक होते. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि क्रमाने कळंबोली, कामोठे, खारघर, करंजाडे अशा वसाहती उभ्या राहिल्या, तसे परसाचे रूपांतर वाहनतळात झाले. कोंबडी ही वाहन नसल्यामुळे तिला तेथे जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. या स्थित्यंतराचे सर्वांत बोलके उदाहरण नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांत सापडते, कारण त्यांतल्या एका गावाचे नावच कोंबडभुजे असे आहे. नावाची व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांनी पाहावी. कोंबडीने मात्र ती भुजण्याशी, म्हणजे मसाला लावून मंद आचेवर शिजवण्याशी जोडली, तर तिला दोष देता येणार नाही. ज्या परिसरात पूर्वी उडण्याचा आव आणणारे पण कुंपणापलीकडे न जाणारे पक्षी फिरत, तेथून २५ डिसेंबर २०२५ पासून खरोखर उडणारी विमाने सुटू लागली, आणि विस्थापितांसाठी वसवलेल्या नगराला पुष्पकनगर हे नाव मिळाले. पुष्पकाची ख्याती अशी सांगतात की त्यात कितीही माणसे बसली तरी एक जागा शिल्लक राहते. ती जागा खुराड्याला द्यावी, असे अद्याप कोणाला सुचलेले दिसत नाही.

वास्तविक पनवेल तालुका हा आश्रय देण्याच्या बाबतीत कंजूष नाही. नेरे येथील शांतिवनात समाजाने दूर सारलेल्या कुष्ठरुग्णांना हक्काची जागा मिळाली, तालुक्यात वृद्धाश्रमांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे, आणि मुंबईत नोकरी करून थकलेला मध्यमवर्गीय माणूस निवृत्तीनंतर स्वच्छ हवेसाठी पनवेलात सदनिका घेतो व पुढची वर्षे ती हवा कोठे गेली याची चौकशी करण्यात घालवतो. पक्ष्यांचीही सोय आहे. शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ पासून आहे. परंतु अभयारण्य हे रानातल्या पक्ष्यांसाठी असते, आणि घरच्या पक्ष्याने तेथे अर्ज करावा अशी तरतूद नाही. हा अन्याय नीट समजण्यासाठी कोंबडीच्या वंशावळीत थोडे डोकावले पाहिजे. घरगुती कोंबडी ही मुख्यतः आग्नेय आशियातील तांबड्या रानकोंबड्याची वंशज होय. पण २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की पिवळ्या पायांचे जनुक तिला राखी रानकोंबड्याकडून मिळाले आहे, आणि हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्याच सह्याद्रीचा रहिवासी. म्हणजे पिवळ्या पायांची कोणतीही कोंबडी, मग ती कितीही परदेशी संकराची असो, एका जनुकापुरती सह्याद्रीकडची ठरते. तिच्या रानातल्या नातलगाला हात लावला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तुरुंग आहे, आणि तिला हात लावला तर वजनाचा काटा आहे. गाईला पांजरपोळ आहे, आणि ती आजकालची नव्हे. मुंबईत भुलेश्वरला जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी १८३४ सालीच ती उभारली. परंतु सरासरी पनवेलकराला 'कोंबड्यांची पांजरपोळ' हे शब्द ऐकवले तर तो प्रथम हसतो आणि मग तेथे सुट्या कोंबड्या काय भावाने मिळतात ते विचारतो.

आता हिवाळ्याकडे वळले पाहिजे, कारण म्हातारी कोंबडी उघड्यावर पडते ती बहुधा याच ऋतूत. त्याचे कारण थंडी हे नसून अंडी हे आहे. कोंबडीला अंड्यांसाठी दिवसाला साधारण १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. उजेड तिच्या डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तेथून अंडाशयाला काम सुरू ठेवण्याचा हुकूम सुटतो. पनवेलला जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि २२ डिसेंबरचा दिवस जेमतेम ११ तासांचा. उजेड आटू लागला की तरुण तलंग कशीबशी रेटून नेते, पण दोन-तीन वर्षांची कोंबडी शरदातच हात टेकते आणि झड सुरू करते. झड म्हणजे जुनी पिसे गाळून नवी आणणे. या कामाला दोन ते चार महिने लागतात, पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांची असल्यामुळे शरीरातला सारा ऐवज तिकडे वळतो, आणि अंड्याचे दुकान बंद होते. या काळातली कोंबडी दिसायला फार केविलवाणी असते. मान उघडी, शेपटी गायब, पाठीवर नव्या पिसांचे काटे आणि तुरा फिका, असे तिचे रूप पाहून मालकाला वाटते की ही आता संपली, आणि पाहणाऱ्या दयाळू माणसाला वाटते की मालकाने हिचे हाल केले. दोघेही अर्धवट बरोबर असतात. मधल्या मध्ये कोंबडी मात्र स्वतःच्या मते दिवाळीचे नवे कपडे शिवून घेत असते आणि शिंप्याने वेळ लावला आहे, एवढेच.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण सत्य दडपणाऱ्याला सुनावतो; आधुनिक कुक्कुटपालनाने तिची उलटी बाजू शोधून काढली आहे. तेथे कोंबडे झाकत नाहीत, तर शेडमध्ये दिवा लावून कोंबडीची खात्री पटवतात की तांबडे फुटले आहे. महामार्गालगतच्या वसाहतीत सोसायटीच्या आवारात आणून ठेवलेल्या कोंबडीला रात्रभर चालू असलेल्या दिव्यांमुळे असाच भ्रम होऊ शकतो, आणि ऐन पौषात ती एखादे अवेळी अंडे घालून सर्वांना चकित करते. त्याचे श्रेय सांभाळणारा स्वतःच्या मायेला देतो, पण ते महावितरणचे असते.

थंडीचा मुद्दा स्वतंत्रपणे तपासला तर असे दिसते की पनवेलची थंडी ही मुख्यतः माणसांना वाजते. पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास आला की स्टेशनवर कानटोप्या दिसू लागतात आणि चहाच्या टपरीवर हवामानशास्त्राची चर्चा रंगते. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या घरात असते, पिसे फुलवून ती अंगाभोवती हवेचा थर धरते आणि एक पाय पोटात घेऊन झोपते. पूर्ण पिसांच्या धडधाकट कोंबडीला हा गारठा लागतच नाही. झडीतल्या, हडकलेल्या आणि पिंजऱ्यात घासून पिसे गेलेल्या कोंबडीला मात्र तो लागतो, आणि तिच्यासाठी खुराड्यात वाऱ्याचा झोत न येणारा कोपरा, बसायला रुंद दांडी आणि खाली भाताच्या तुसाची चार बोटे जाड गादी एवढी तजवीज पुरते. इंग्लंडमध्ये जेन हॉवर्थ यांनी २००५ साली स्थापन केलेली 'ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट' ही संस्था निवृत्त कोंबड्यांना घरे मिळवून देते, आणि तिकडच्या थंडीत अशा कोंबड्यांसाठी काही हौशी लोकांनी लोकरीचे स्वेटरही विणले. ही कल्पना पनवेलात पोहोचली तर विणकामाचा छंद असलेल्या आजींची सोय होईल, कोंबडीची होणार नाही. स्वेटरमुळे पिसे फुलवता येत नाहीत, नव्या पिसांचे रक्ताने भरलेले कोंब दुखतात, आणि लोकरीत उवा-पिसवांना आयते घर मिळते.

कोंबडीच्या दृष्टीने पनवेलच्या हिवाळ्यातला खरा धोका तापमापकात नसून कालनिर्णयात आहे. कार्तिकात भाताची कापणी आणि झोडणी झाली की शेतात सांडलेले दाणे टिपून ती चांगली भरते. मग मार्गशीर्ष येतो, ज्यात गुरुवारच्या महालक्ष्मी व्रतामुळे अनेक घरांत महिनाभर सामिष बंद असते, आणि हा तिचा अभयकाळ होय. परंतु या अभयाला अमावास्येची मुदत असते. २०२४ साली मार्गशीर्ष अमावास्या ३० डिसेंबरला आली आणि दुसरा दिवस थर्टीफर्स्टचा निघाला. पंचांगकर्ते आणि चिकनविक्रेते यांनी संगनमत केले असते तरी याहून नेटका योग जुळवता आला नसता. त्यानंतर येतो तो पोपटीचा हंगाम. पोपटी म्हणजे काय, हे रायगडबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. भात निघाल्यावर जमिनीतल्या उरल्या ओलाव्यावर वाल पेरतात. त्याच्या शेंगा भरल्या की मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला अंथरून त्यावर शेंगा, ओवा, मीठ, अंडी, बटाटे आणि मसाला चोळलेली कोंबडी रचतात, तोंड पुन्हा त्याच पाल्याने बंद करतात, मडके शेतात उपडे घालतात आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवून अर्ध्या-पाऊण तासात हा ठेवा शिजवतात. पाणी नाही, तेल नाही, आणि जमलेल्या मंडळींत प्रत्येकाला मडके कधी उतरवायचे ते दुसऱ्यापेक्षा अधिक कळते.

याच ठिकाणी वार्धक्य कोंबडीच्या मदतीला धावते. वय वाढते तसे स्नायूंना बांधणाऱ्या कोलॅजेन नावाच्या तंतूंचे एकमेकांशी सांधे पक्के होत जातात, आणि ते सैल करण्यासाठी बराच वेळ ओल्या उष्णतेत शिजवावे लागते; अर्ध्या तासाच्या पोपटीत म्हातारी कोंबडी घातली तर मडक्यातून बाहेर येताना ती आत गेली होती तशीच ताठ असते. म्हणून पोपटीला कोवळी ब्रॉयलर लागते. म्हातारीला ओढा असतो तो रश्श्याचा, आणि रश्श्याचे वाटप करणारे हॉटेल तिला पाटीवर 'गावठी' म्हणून बढती देऊ शकते, कारण चिवटपणा हीच गावठीची खूण, असा शहरी खवय्यांचा समज आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बहुधा अशाच एखाद्या म्हातारीवरून पडली असावी.

तरीही दर हिवाळ्यात कोणी ना कोणी अशी कोंबडी घरी आणतोच. आणण्याची रीतही ठरलेली आहे. बाजारातून विकत घेतलेली कोंबडी पायाला धरून उलटी लोंबकळत, स्कूटरच्या हँडलवरून जगाचे दर्शन घेत येते, यात १९६० च्या प्राण्यांच्या छळ प्रतिबंधक कायद्याला काही गैर वाटते, पण रस्त्यात कोणाला वाटत नाही. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांची वाहतूक व निगा यांवर २६९ क्रमांकाचा स्वतंत्र अहवाल दिला, तोही हँडलपर्यंत पोहोचला नाही. दयेपोटी आणलेली कोंबडी मात्र भोके पाडलेल्या खोक्यात, रिक्षाच्या मागच्या आसनावर, सरळ बसून येते, आणि रिक्षावाला उतरताना आसन पुसण्याचे वेगळे पैसे मागतो.

घरी आल्यावर पहिले काम म्हणजे तिला इतर कोंबड्यांपासून तीन-चार आठवडे वेगळे ठेवणे, आणि दयाळू माणसांकडून नेमके हेच होत नाही, कारण एकटेपणाने ती खचेल असे त्यांना वाटते. ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे, म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाने इतिहासात गेलेल्या गावात, बर्ड फ्लू आढळला आणि परसातल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी लागणीच्या ठिकाणापासून १ किलोमीटरचा परिसर बाधित आणि १० किलोमीटरपर्यंतचा निगराणीखाली धरतात, आणि त्यात कोण म्हातारी, कोण तलंग, कोणाला कोणी मायेने आणले, हे विचारात घेतले जात नाही. शिवाय राणीखेत आहे, ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात. उत्तरेतल्या एका रम्य थंड हवेच्या ठिकाणाचे नाव या रोगाला मिळाले, ही त्या गावाच्या पर्यटनाची मोठीच हानी. पायांवरचे खवले उचललेले असतील तर आत सूक्ष्म किडे असतात आणि तेल चोळून ते गुदमरवावे लागतात. अंगावरच्या उवांसाठी कोंबडी स्वतःच उपाय करते. तिला चुलीची राख मिसळलेली कोरडी माती मिळाली की ती त्यात लोळून धूळस्नान उरकते. चुली गेल्यामुळे शहरात राख मिळवणे अवघड झाले असून, त्यासाठी होळीपर्यंत थांबता येत नाही. खाण्याला तांदळाची कणी आणि भरडा, झडीच्या दिवसांत सुक्या जवळ्याची मूठ, आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा, एवढे झाले की तिची तक्रार नसते; सुकटीच्या वासाबद्दल तक्रार येते ती वरच्या मजल्यावरून.

वेगळे ठेवण्याची मुदत संपून नवी कोंबडी जुन्यांत सोडली की समाजशास्त्र सुरू होते. नॉर्वेच्या थोरलिफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२० च्या दशकाच्या आरंभी असे मांडले की कळपात कोण कोणाला टोचणार आणि कोण निमूट टोचून घेणार, याची पक्की उतरंड असते. पनवेलच्या कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला ते हजर राहिले असते, तर हा शोध त्यांना एका रविवारी लागला असता. नवी आलेली म्हातारी उतरंडीच्या तळाशी बसते, दाण्याजवळ शेवटी जाते, आणि आठ-दहा दिवसांत तिच्यापेक्षा भित्री कोण हे हेरून तिला टोचू लागते. उपकाराची जाणीव, जी तिच्याकडून सांभाळणाऱ्याला अपेक्षित असते, तिचा या उतरंडीत कोठेही समावेश नाही. शेजारी मात्र एकच प्रश्न निरनिराळ्या दारांतून विचारतात: "काकू, अंडी किती देते हो?" काकू "अजून नाही" म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, एखाद्याने बंद पडलेल्या कंपनीचे समभाग घेतल्याचे कळावे, तसा भाव उमटतो.

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, असे म्हणतात. तो कोंबडीच्याही हिशेबात वाढतो. माघाच्या सुमारास तिची मान भरलेली असते, तुरा लाल होतो, ती कोपरे धुंडाळू लागते, आणि एखाद्या सकाळी तुसाची गादी सोडून चपलांच्या मांडणीत, नेमक्या पाहुण्यांच्या बुटात, ती एक अंडे घालते. औषध, कणी, शिंपले, खोके आणि रिक्षाचे आसन धरून या अंड्याची किंमत काढली तर ते शीतकपाटात न ठेवता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे लागेल. ते खायचे कोणी, यावर घरात दोन दिवस चर्चा होते आणि निर्णय होत नाही. तेवढ्यात पेणच्या मामांचा निरोप येतो की शनिवारी रात्री हंगामातली शेवटची पोपटी आहे, वाल आणि भांबुर्डा तयार आहे, पनवेलकरांनी येताना अंडी आणावीत. डझनभर अंडी दुकानातून घेतली जातात, तेरावे घरचे त्यांत ठेवले जाते, आणि मडके उतरल्यावर ते कोणाच्या वाट्याला गेले हे अंधारात कोणालाच ओळखता येत नाही. परतताना काकू मात्र शिजलेल्या वालाची रिकामी साले आणि उरलेल्या चार शेंगा वर्तमानपत्रात बांधून घेतात, आणि रात्री बाराला खुराड्याचे दार किलकिले करून ती पुडी आत सोडतात. कोंबडी एक डोळा उघडते, काकूंच्या हाताला टोचते आणि शेंगांकडे वळते.